उन्हात न वाढणारं लोखंड

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पापनाशम हे तालुक्याचं गाव आहे. तंजावरपासून अंतर साधारण २५ किलोमीटर. समजा, या दोन स्टेशनांमधला रूळ एकसंध आहे आणि तो कुठेही खिळलेला नाही. पहाटे २५ अंशांवर असलेला हा रूळ उन्हाळ्याच्या भर दुपारी ५५ अंशांपर्यंत तापला, तर त्याची लांबी किती वाढेल? नऊ मीटर.

हिशेब तोंडी करता येतो. तापमान एका अंशानं वाढलं की पोलादाची लांबी दहा लाखांत १२ भागांनी वाढते. एक किलोमीटर म्हणजे दहा लाख मिलिमीटर. म्हणजे दर किलोमीटरला, दर अंशाला १२ मिलिमीटर. पंचवीस किलोमीटरला ३०० मिलिमीटर, आणि तीस अंशांना त्याच्या तीसपट. 'दहा लाखांत १२' हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, या लेखात तो सारखा लागणार आहे.

प्रत्यक्षात रूळ नऊ मीटर सरकत नाही, कारण तो स्लीपरांना आवळलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. वाढायला वाव नसला की वाढ दाबाच्या रूपानं आत साठते. मुख्य मार्गांवर ६० किलोचा रूळ वापरतात, म्हणजे मीटरभर रुळाचं वजन ६० किलो. तो सलग जोडलेला असेल तर दर अंशाला त्यात जवळपास १.९ टनांचा जोर तयार होतो. ज्या तापमानाला रूळ बसवला त्याच्यापेक्षा वीस अंश वर गेलं की एका रुळात सुमारे ३७ टन. हा जोर रुळाच्या लांबीवर अवलंबून नाही. दोन किलोमीटरचा रूळ असो की दोनशे, आकडा तोच. म्हणून रूळ मधल्या तापमानाला बसवतात, आणि म्हणूनच कडक उन्हात गँगमन रुळावर गस्त घालतात. कुठे खडी सैल झाली असेल तर रूळ तिथून बाजूला वाकतो.

याच मार्गावर पुढे स्वामिमलै लागतं. तिथले स्थपती मेणाच्या नमुन्यावरून पंचधातूच्या मूर्ती ओततात. साच्यात घट्ट झालेला धातू नऊशेच्या वरच्या तापमानावरून थंड होत येतो, तेव्हा मीटरभर उंचीची मूर्ती सुमारे दीड सेंटिमीटरनं आखडते. मूर्तीचं माप चुकू नये म्हणून हा फरक मेणातच धरून चालावं लागतं. रूळ असो की नटराज, धातू तापला की वाढणार आणि निवला की आकसणार, हे त्या परिसरातल्या प्रत्येक कारागिराला हातानं ठाऊक आहे.

आता लोखंडाचा असा प्रकार कल्पा, ज्याचा आकडा १२ नसून १.२ आहे. त्याचा रूळ पापनाशमपासून तंजावरपर्यंत मोकळा टाकला तर नऊ मीटरांऐवजी ९० सेंटिमीटर वाढेल. काळजीपूर्वक घडवला तर त्याहूनही कमी. असं लोखंड आहे. ते १८९६ साली सापडलं. ते तसं का वागतं, याचा मोजून केलेला खुलासा व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं.

या लोखंडाची गरज किती जुनी आणि किती खरी होती, हे कळायला तंजावरइतकी चांगली जागा नाही.

१८०२ साली विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजली आणि हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात झाली. साधन होतं शंभर फुटी पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांचे चाळीस दुवे असलेली. साडेसात मैल अंतर, म्हणजे साखळी चारशे वेळा मांडायची. ती लाकडी पेट्यांमध्ये ताणून ठेवत, वर सावली धरत आणि शेजारी थर्मामीटर ठेवत. हा खटाटोप कशासाठी? बारा किलोमीटर पोलाद एका अंशाला १४ सेंटिमीटरनं वाढतं. या पायारेषेवर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहणार होते. पायात वीतभर चूक झाली की ती त्रिकोणागणिक पुढे सरकत जाणार.

मोजणी दक्षिणेकडे कावेरीच्या खोऱ्यात आली तेव्हा नवी अडचण आली. भातशेतीचा सपाट मुलूख, वर माडांची दाटी. लांबवर नजर जाईल अशी टेकडीच नाही. तेव्हा देवळांची गोपुरं आणि शिखरं हीच निरीक्षणाची ठाणी झाली. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर लॅम्बटनचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दोरांनी वर चढवलं जात असताना एक दोर तुटला आणि यंत्र देवळाच्या भिंतीवर आदळलं. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे होते. याच देवळाच्या भिंतीवर त्यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता. तंजावर-कुंभकोणम भागात आजही घरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. राजराज चोळानं बांधलेलं देऊळ, त्यावर मराठी शिलालेख, आणि त्याच भिंतीवर आदळलेलं लंडनचं यंत्र. विज्ञानाच्या इतिहासातली ही जागा आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

यंत्राला किती इजा झाली हे समजायला एक आकडा पुरे. त्याच्या मुख्य वर्तुळाचा व्यास ३६ इंच होता. कोन सेकंदाच्या हिशेबात वाचायचा, आणि एक सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. या वर्तुळाच्या कडेवर एका सेकंदाला जागा मिळते फक्त २.२ मायक्रॉन. केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते. आपटल्यामुळे ते वर्तुळच वेडंवाकडं झालं होतं. लॅम्बटननं स्वतःला कोंडून घेतलं आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते हळूहळू ताणत पुन्हा गोल केलं. मोजणी पुढे चालू राहिली. पंधरा वर्षांनी, २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरच्या वाटेवर वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला लॅम्बटनचा मृत्यू झाला. त्याचं दफनही तिथेच झालं.

त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं साखळी बाजूला ठेवली आणि लोखंड व पितळ यांच्या जोड-पट्ट्या आणल्या. पितळ लोखंडापेक्षा दीडपटीहून जास्त वाढतं. दोन्ही पट्ट्यांची टोकं एका आडव्या दांडीनं अशी जोडायची की त्या दांडीवरचा एक बिंदू दोघांच्या वाढीतल्या फरकामुळे जागच्या जागी राहील. हुशारीचं काम, पण मोठं नाजूक. याच सर्वेक्षणाची यंत्रं अर्काटच्या सय्यद मीर मोहसिन हुसेन यांनी दुरुस्त करून दिली. त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

शेवटी निकाल काय लागला? मध्य भारतातल्या सिरोंजहून त्रिकोण जोडत जोडत जवळपास सातशे किलोमीटरवरच्या डेहराडूनला पोचल्यावर तिथल्या पायारेषेची लांबी गणितानं काढली आणि मग प्रत्यक्ष मोजली. साडेसात मैलांत फरक आला ७.२ इंचांचा. आता हा आकडा पोलादाच्या भाषेत मांडून पाहा. ७.२ इंच म्हणजे १८ सेंटिमीटर, आणि तेवढं अंतर साधी पोलादी साखळी सव्वा अंशाच्या फरकानं खाऊन टाकते. डोंगर, जंगलं, हिवताप आणि दशकांची मेहनत, या सगळ्यांतून उरलेली चूक सव्वा अंश उष्णतेएवढी होती.

हा प्रश्न मुळापासून सोडवला शार्ल एदुआर गीयोम यानं. स्वित्झर्लंडच्या घड्याळवाल्या घराण्यातला हा माणूस पॅरिसजवळच्या सेव्हर्स इथे आंतरराष्ट्रीय वजनमापांच्या कार्यालयात काम करत होता. मीटरची प्रमाण पट्टी प्लॅटिनम आणि इरिडियमची असे. प्रत्येक प्रयोगशाळेला अशी पट्टी देणं परवडणारं नव्हतं. स्वस्त धातू शोधताना त्याच्या हाती सुमारे ३० टक्के निकेल असलेलं पोलाद आलं आणि त्याची वाढ अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. मग त्यानं इम्फीच्या कारखान्याकडून निकेलचं प्रमाण बदलत बदलत मिश्रधातू ओतवून घेतले आणि एकेकाची वाढ मोजली.

लोखंडाचा आकडा १२, निकेलचा १३. दोघांच्या मिश्रणाचा आकडा या दोहोंच्या आसपास यावा, असं कुणीही म्हणेल. निम्मं-निम्मं घेतलं की तो दहाच्या आसपास येतोही. पण निकेल ३६ टक्के आणि लोखंड ६४ टक्के झालं की आकडा धाडकन १.२ वर येतो. निकेल थोडं इकडेतिकडे झालं की तो पुन्हा वर चढतो. या मिश्रधातूला इन्वार म्हणतात. लवकरच इन्वारच्या २४ मीटर लांब तारांनी पायारेषा मोजल्या जाऊ लागल्या आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. घड्याळांचे लंबक इन्वारचे झाले. १९२० साली गीयोमला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या निकेल-पोलादाच्या कामासाठी. धातू ओतून, पट्टी ठेवून, वाढ मोजून मिळालेलं हे नोबेल आहे. माझ्या लेखी त्याचं मोल मोठ्या सिद्धान्तांपेक्षा तसूभरही कमी नाही.

इन्वार वाढत नाही याचा अर्थ त्याच्या आत काही घडत नाही असा नाही. आतले अणू उष्णतेनं इतर धातूंसारखेच थरथरतात आणि एकमेकांना दूर लोटतात. पण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट त्यांना जवळ आणत असते, आणि ती चुंबकत्वाची आहे.

लोखंडाचा अणू चुंबकीय अवस्थेत असतो तेव्हा त्याला शेजाऱ्यांपासून जरा जास्त जागा लागते. अतिशीत तापमानाला इन्वारमधलं चुंबकत्व भरात असतं आणि त्यामुळे हा धातू सुमारे दोन टक्के जास्त घनफळ व्यापून बसलेला असतो. तापमान वाढतं तसं अणूंचं चुंबकत्व विस्कटू लागतं आणि अडीचशे अंशांच्या आसपास ते मोडून पडतं. चुंबकत्व ओसरेल तशी ही आगाऊ घेतलेली जागा परत मिळते, म्हणजे धातू आकसतो. थरथर त्याला फुगवते, ओसरतं चुंबकत्व त्याला आवळतं, आणि ३६ टक्क्यांना या दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्या भरतात.

या जवळजवळचं प्रमाण पाहा. घनफळात दोन टक्के म्हणजे लांबीत ०.६७ टक्के. पोलादाच्या दरानं, दर अंशाला दहा लाखांत १२ प्रमाणे, एवढं वाढायला साडेपाचशे अंश लागतात. निरपेक्ष शून्यापासून म्हणजे उणे २७३ अंशांपासून इन्वारचं चुंबकत्व संपेपर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच आहे. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. उष्णतेची साडेपाचशे अंशांची सगळी वाढ फेडायला पुरेल एवढी जागा चुंबकत्वानं आधीच धरून ठेवलेली असते. तापमान चढत जातं, तशी ती जागा हप्त्याहप्त्यानं सुटते. मधल्या टप्प्यात कुठेही मोजा, शिल्लक शून्याच्या अगदी जवळ.

हे चित्र तत्त्वतः जुनंच. पण दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून त्या खरोखरच एकमेकींना कापतात हे दाखवणं अवघड होतं. कॅलटेकमधल्या स्टीफन लोहाउस, ब्रेंट फुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्वारचा कण हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये दाबला, त्यावर शक्तिशाली क्षकिरण सोडले आणि अणूंच्या थरथरीचा वाटा व चुंबकत्वाचा वाटा वेगळे काढले. २०२३ साली ते काम प्रसिद्ध झालं. दाब वाढवत नेला तरी काही मर्यादेपर्यंत एका वाट्यातला बदल दुसऱ्या वाट्यानं नेमका भरून निघत होता. सापडल्यापासून खुलाशापर्यंत १२७ वर्षं.

लोखंड आणि निकेल यांच्या जोडीत आणखी एक जादूचा आकडा आहे, आणि तो निकेलच्या बाजूला आहे. गुस्ताव्ह एल्मेननं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शोधलेल्या पर्मलॉयमध्ये निकेल ८० टक्क्यांच्या आसपास असतं. हा धातू उष्णतेनं वाढतो, अगदी पोलादासारखा. त्याची खासियत चुंबकीय आहे. अत्यंत दुबळ्या चुंबकीय क्षेत्रालाही तो चटकन प्रतिसाद देतो, आणि ताणलं-दाबलं तरी त्याच्या चुंबकत्वावर फारसा परिणाम होत नाही. १९२४ साली न्यूयॉर्कहून अझोर्स बेटांपर्यंत टाकलेल्या समुद्री तारेवर पर्मलॉयची फीत गुंडाळली, तेव्हा संदेशांचा वेग कित्येक पटींनी वाढला.

असल्या धातूचं काम मराठी मुलखात कुठे पाहायचं तर अलिबागला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रॅम येणार हे कळल्यावर नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडची अलिबागची जागा निवडली, आणि १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीनं नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटायला नको. १९०७ साली मुंबईत विजेची ट्रॅम धावली तेव्हा चुंबकमापन अलिबागला स्थिरावलेलं होतं. तिथली इमारत चुंबकीय नसलेल्या पोरबंदरी दगडाची आहे आणि बांधकामात लोखंड टाळलेलं आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे ४० हजार नॅनोटेस्लांच्या घरात भरतं, आणि आजचे फ्लक्सगेट चुंबकमापक त्यात ०.१ नॅनोटेस्लाचा फरक टिपतात. म्हणजे चार लाखांत एक. त्या यंत्राच्या गाभ्याशी पर्मलॉयच्या जातीचीच पातळ फीत असते.

आता पातळ या शब्दाची हद्द कुठपर्यंत जाते ते पाहू. काचेवर किंवा सिलिकॉनवर इन्वारचा १० नॅनोमीटर जाडीचा थर बसवला, तर त्याची उंची किती अणूंची? सुमारे ५५ थरांची. एक चौरस सेंटिमीटरवर असा पापुद्रा दिला तर त्याचं वजन आठ मायक्रोग्रॅम भरतं. एक ग्रॅम इन्वार घेतलं तर अशा पापुद्र्यानं सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत झाकली जाईल. तरीही त्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये अणू असतात सुमारे ८६ हजार लाख कोटी. सेंटिमीटरभर रुंदी आणि १० नॅनोमीटर जाडी, हे प्रमाण दहा लाखास एक. पापनाशमपासून तंजावरपर्यंत २५ किलोमीटर पसरलेला पत्रा या प्रमाणात केला तर त्याची जाडी एक इंच.

तापमान एका अंशानं वाढवलं तर या पापुद्र्याची जाडी किती वाढेल? दहा नॅनोमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यातला सव्वा भाग घ्या. उत्तर येतं १२ फेम्टोमीटर. लोखंडाच्या अणूच्या केंद्रकाचा व्यास नऊ फेम्टोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ५५ थरांची ही इमारत एका अंशानं तापली की जेवढी उंच होते, ती उंची तिच्या एका अणूच्या केंद्रकापेक्षा जराशीच जास्त. अणू स्वतः त्या केंद्रकाच्या हजारो पट मोठा असतो. कोणतीही पट्टी, कोणताही सूक्ष्मदर्शक इथवर पोचणार नाही. पण क्षकिरण पोचतात, कारण ते एका अणूची उंची मोजत नाहीत. कोट्यवधी अणूंच्या रांगांवरून ते एकदम परततात आणि त्यांच्या कोनावरून रांगांमधलं सरासरी अंतर निघतं. तापमान शेकडो अंशांनी बदलून हा कोन पुन्हा पुन्हा वाचला की अंशाला किती, हे भागाकारानं मिळतं.

पातळ थराची खरी अडचण निराळी आहे, आणि तीच या विषयाचा गाभा आहे. थर मोकळा नसतो. पापनाशमचा रूळ जसा स्लीपरांना आवळलेला, तसा हा सिलिकॉनला चिकटलेला. सिलिकॉनचा आकडा आहे २.६, पर्मलॉयचा १२. गरम असताना दिलेला पर्मलॉयचा थर दोनशे अंश थंड झाला की त्याला सिलिकॉनपेक्षा जास्त आकसायचं असतं. सिलिकॉन त्याला आकसू देत नाही. थर ताणलेलाच राहतो. हा ताण हिशेबानं येतो दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच टन. वर सांगितलेल्या रुळात वीस अंशांच्या फरकानं दर चौरस सेंटिमीटरला अर्धा टनच येतो. इथे त्याच्या दहापट.

आणि तरीही काही तुटत नाही. थराची जाडी १०० नॅनोमीटर धरली, तर सेंटिमीटरभर रुंदीच्या पट्टीत हा सगळा ताण मिळून ५५ ग्रॅम वजनाएवढा भरतो. साडेपाच टन आणि ५५ ग्रॅम, दोन्ही आकडे एकाच वेळी खरे. पहिला अणूंना जाणवतो, दुसरा सिलिकॉनच्या चकतीला. चकती किंचित वाकते. प्रयोगशाळेत थराचा ताण मोजतात तो याच वाकण्यावरून, चकतीवर लेसरचा झोत टाकून.

साडेपाच टनांच्या ताणाखाली चुंबकत्वाचं काय होतं? बहुतेक चुंबकीय धातूंत ताणाबरोबर चुंबकत्वाची सोयीची दिशा बदलते. इन्वारच्या जातीच्या मिश्रणांत तर फार, कारण तिथे आकारमान आणि चुंबकत्व एकमेकांना बांधलेले आहेत. जी गोष्ट त्याला न वाढणारं बनवते तीच त्याला ताणाबद्दल हळवं करते. पर्मलॉयचे ८० टक्के नेमके इथे उपयोगी पडतात. त्या प्रमाणाला ताणाचा परिणाम शून्याशी येतो. तापमानानं लादलेला टनाटनांचा ताण थरात बसलेला असतो आणि त्याचं चुंबकत्व मात्र शांतपणे बाहेरच्या क्षेत्राकडे लक्ष देत असतं. म्हणून संगणकाच्या हार्डडिस्कमध्ये १९७९ साली पातळ थरांची पहिली वाचन-लेखन शीर्षं आली ती पर्मलॉयची. १९५६ च्या पहिल्या डिस्क-यंत्रात चौरस इंचावर दोन हजार बिट मावत. आजच्या डिस्कवर लाख कोटीहून अधिक मावतात. फरक पन्नास कोटी पटींचा. या वाढीत अनेक शोधांचा वाटा आहे, पण तिच्या मधल्या मोठ्या टप्प्यावर हा निकेल-लोखंडाचा थर उभा होता.

थर पातळ होत जातो तसं आणखी एक घडतं. एक मिलिमीटरच्या पत्र्यात अणूंचे ५५ लाख थर असतात आणि त्यातले फक्त दोन पृष्ठभागावर. आपल्या पापुद्र्यात ५५ पैकी दोन, आणि पाच थरांच्या पापुद्र्यात पाचांपैकी दोन. पृष्ठभागावरच्या अणूला शेजारी कमी, म्हणून चुंबकत्वाचा आधारही कमी. अगदी मोजक्या थरांवर आलं की चुंबकत्व मोडण्याचं तापमानच खाली घसरतं. इन्वारची किमया तर चुंबकत्व कोणत्या तापमानाला किती ओसरतं यावरच चालते. तेव्हा पातळ थर म्हणजे जाड इन्वारचीच लहान आवृत्ती, असं धरून चालत नाही.

विजेनं मुलामा देऊन इन्वारचा पत्रा करायला गेलं तर आणखी एक खोड दिसते. निकेल हा लोखंडापेक्षा सहज जमा होणारा धातू, पण दोघं एकाच द्रावणात असले की लोखंड पुढे घुसतं आणि प्रमाण बिघडतं. ३६ टक्के साधले तरी स्फटिकांचे कण अतिबारीक आणि रचना मिश्र राहते, त्यामुळे ताज्या थराची वाढ नेहमीच्या इन्वारपेक्षा जास्त भरते. मग तो भट्टीत शेकून रचना सुधारावी लागते. प्रमाण तेच, अणू तेच, पण मांडणी बदलली की आकडा बदलतो.

हा खटाटोप कशासाठी, तर खिशातल्या फोनसाठी. ओलेड पडद्यावरचे लाल, हिरवे, निळे ठिपके बाष्परूपानं काचेवर उतरवतात. ते बाष्प नेमक्या जागी पडावं म्हणून मध्ये बारीक छिद्रांची जाळी धरतात. ही जाळी इन्वारची असते, २०-३० मायक्रॉन जाडीची. चांगल्या पडद्यावर एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत अंतर ५० मायक्रॉन. आता तोच जुना हिशेब. जाळी मीटरभर लांब आहे आणि बाष्पाच्या उष्णतेनं पाच अंश तापली. पोलादाची असती तर ६० मायक्रॉन वाढली असती, आणि तिच्या टोकाचा लाल रंग शेजारच्या घराच्याही पलीकडे पडला असता. इन्वारची असल्यानं ती सहा मायक्रॉन वाढते. फोनचा पडदा स्वच्छ दिसतो तो या फरकामुळे.

आपल्या शाळांत गोळा आणि कडीचा प्रयोग दाखवतात. थंड गोळा कडीतून जातो, तापवलेला अडकतो. प्रयोग छान आहे, पण मुलांना तो अर्धीच गोष्ट सांगतो. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, तास संपण्याआधी एक जुनी, बंद पडलेली, प्लग काढलेली इस्त्री वर्गात आणा आणि तिचा थर्मोस्टॅट उघडून दाखवा. आतल्या लहानशा पट्टीत दोन धातू पाठीला पाठ लावून जोडलेले असतात. तापलं की एक बाजू वाढते, दुसरी जवळपास वाढत नाही, आणि पट्टी वाकून वीज तोडते. ती न वाढणारी बाजू बहुतेक वेळा लोखंड-निकेलचीच असते.